ट्वेट बाईंच्या रस्त्यावरचा ग्रेडर

मित्रांनो, मी एक जुना ग्रेडर आहे. खडीचे रस्ते सारखे करायचं यंत्र. सहा चाकं, पोटाखाली बारा फुटी पोलादी पातं आणि अंगावरचा पिवळा रंग अर्धा उडालेला. गोष्ट सांगायला बसलोय खरा, पण आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर बागेतल्या झोपाळ्याला नाहीतर कारंज्याला विचारा. त्यांचं बरं चाललेलं असतं.

माझा जन्म इलिनॉयमधल्या एका कारखान्यात झाला, एकोणीसशे एकोणऐंशी साली. तिथनं रेल्वेच्या उघड्या डब्यावर साखळदंडानं बांधून मला आयोवात आणलं, केसलर काउंटीत. ड्रेसनच्या स्टेशनावर उतरवलं तेव्हा शाळेतली पोरं बघायला आली होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझ्या टायरला बुटाचं टोक मारून बघितलं आणि म्हणाला, "वाईट नाही." मी खट्टू झालो. पुढं कळलं की इथं याच्यावर स्तुतीच नाही. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोच्या स्वयंपाकालासुद्धा हे लोक "वाईट नाही" म्हणतात, आणि ती बाई आठवडाभर खूश असते.

केसलर काउंटी म्हणजे गणिताच्या वहीचं चौकटीचं पान. दर मैलाला एक रस्ता उभा, दर मैलाला एक आडवा, मधल्या चौकटीत मका नाहीतर सोयाबीन. कुठं वळण दिसलं तर समजायचं, मोजणीदाराला त्या दिवशी चढली होती. उत्तरेकडचे साडेतीनशे मैल माझ्या वाट्याला आले आणि ते सगळे माझ्या पोटाखालनं गेले, एकदा नाही, हजारदा.

गावं चार. ड्रेसनला कोर्टाची दगडी इमारत आहे. तिच्यावरच्या घड्याळाला चार तोंडं आणि चारी तोंडांत चार वेगळ्या वेळा. लोक आपल्याला सोयीचं तोंड बघतात. नॉर्स्टाड नॉर्वेतनं आलेल्यांचं. तिथं समोरासमोर दोन चर्च, दोन्ही एकाच पंथाची. भांडण कशावरनं झालं होतं ते कुणाला आठवत नाही, पण मिटवायलाही कुणी तयार नाही. सेंट वेन्सेल चेक लोकांचं, तिथं शनिवारी नाच आणि खसखशीचे गोड पाव. आणि प्लम ग्रोव्ह. प्लम ग्रोव्हला आता धान्याचं एक उंच कोठार, एक टपालपेटी आणि एक मांजर.

मी आलो तेव्हा चारही गावांना शाळा होत्या. आता चौघांत मिळून एक. तिच्या खेळाच्या टीमला नाव काय द्यायचं यावर तीन वर्षं बैठका चालल्या. शेवटी कुणालाच न आवडणारं नाव ठेवलं, म्हणजे कुणा एका गावाला वाईट वाटायला नको.

आता मी का वैतागतो ते बघा. पूर्वी एका मैलात पाच घरं होती, पाच घरांत पाच ट्रॅक्टर. आता पाच मैलांत एक घर, आणि त्याच्या दाराशी घराएवढंच कापणीयंत्र. ते रस्त्यावरनं गेलं की माझ्या रस्त्याच्या कडा दाबून चरात. मी सकाळी रस्ता आरशासारखा करायचा, आणि दुपारी कुठलं तरी पोरगं साठच्या वेगानं पिकअप हाणत जायचं, की संध्याकाळी रस्त्याला पत्र्यासारख्या लाटा. त्यावरनं दात खडखडत जाणारे लोक कुणाला शिव्या देतात? ग्रेडरला! पण तोंडावर नाही. तोंडावर इथं कुणी काही बोलत नाही. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची, झालं. वर्षाचं बोलणं त्यात आटोपलं.

हेच माझं मुख्य दुखणं. आणि त्याच्यापायी एक म्हातारा माणूस उपाशी राहायची वेळ आली होती. ऐका.

माझा ड्रायव्हर डेल्मर हावरकँप. सव्वीस वर्षं त्यानं मला चालवलं. हात इतका हलका की खडीचा एक दाणा वाया जायचा नाही. आमच्या वाटेवर एल्म ओढ्याच्या अलीकडं मिस आर्लिस ट्वेट राहते. बेचाळीस वर्षं शाळेत शिकवलेली. डेल्मरही तिच्या हाताखालनं गेलेला, त्यामुळं तो अजून तिला बाईच म्हणतो. वय ब्याऐंशी. ओढ्यावर लाकडी पूल, आणि पुलापलीकडं अर्ध्या मैलावर तिचा थोरला भाऊ ऑर्विल, ज्या घरात जन्मला त्याच घरात. त्याचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तो चार पायांची चौकट पुढं धरून चालतो. दोन्ही हात चौकटीला, त्यामुळं स्वयंपाक जमत नाही. बहिणीकडं राहायला ये म्हटलं तर म्हणतो, "तिच्याकडं मांजरं आहेत."

मग बाई रोज दुपारी निळ्या गाडीतनं पूल ओलांडून त्याचं जेवण घेऊन जायच्या. बाईंच्या डोळ्यात फूल पडलंय. त्यांना गाडीचं लायसन मिळालंय ते दिवसाउजेडी आणि फक्त खडीच्या रस्त्यावर. हायवेला चाक लावायचं नाही. पुलावरनं गेलं तर अर्धा मैल. पूल सोडून गेलं तर नऊ मैल, आणि त्यातले चार हायवेचे. म्हणजे पूल गेला की भावाचं जेवण गेलं. इतकं सरळ आहे.

आता इथली एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही बाईंच्या दारावरनं जायला लागलो की त्या फाटकात यायच्या.

"डेल्मर, कॉफी घेऊन जा."

"नको बाई."

"अरे, तयार आहे."

"नको, उगाच कशाला."

"कपात ओतलीय."

"बरं, ओतलीच असेल तर."

हे सव्वीस वर्षं! कॉफी रोज प्यायची, आणि रोज दोनदा नको म्हणून प्यायची. पहिल्यांदा हो म्हणणारा इथं अधाशी ठरतो आणि दोनदा विचारून थांबणारा कंजूष ठरतो. ऑर्विलचंही तेच. सख्खी बहीण, हातात गरम भांडं, पोटात भूक, आणि हा दारात म्हणणार, "कशाला त्रास घेतलास? मला भूकच नाही." मी उन्हात इंजिन चालू ठेवून हे ऐकायचो. डिझेल जळायचं आणि मीही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये राज्याचा तपासनीस आला. पुलाच्या खांबांत त्यानं टोचा खुपसून बघितला. दोन खांब आतनं कुजलेले निघाले. काउंटीच्या बोर्डानं ठरवलं, पूल बंद करून तो रस्ता सोडून द्यावा. पण कायद्यानं आधी लोकांची हरकत विचारावी लागते.

कोर्टाच्या इमारतीतला बॉयलर फुटला होता, म्हणून सुनावणी ठेवली आमच्या शेडमध्ये, बरोबर माझ्या पात्यापुढं. सकाळी दहाची वेळ. घडीच्या चाळीस खुर्च्या, कॉफीचं पिंप, आणि चारी गावांच्या बायकांनी आणलेल्या वड्यांचे ट्रे. बोर्डाचा अध्यक्ष ब्रेंट लॅडविग. पोरगा ड्रेसनचाच, पण बावीस वर्षं शिकागोत नोकरी करून परत आलेला. माणूस वाईट नाही. म्हणजे खरंच वाईट नाही, स्तुती नाही करत मी. फक्त घाई फार.

"पुढचा विषय, एल्म ओढ्यावरचा पूल," ब्रेंट म्हणाला. "मिस ट्वेट, तुमच्या रोजच्या वाटेवरचा आहे. बंद केला तर तुमची काही हरकत?"

बाई उठल्या. दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरलेली. मी मनात म्हणलं, बोला बाई, बोला.

"छे छे, माझी कसली हरकत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय कामं कमी आहेत? माझ्यासाठी नका त्रास करून घेऊ."

चाळीस माणसं वाट बघतायत, आता ब्रेंट दुसऱ्यांदा विचारेल. बाईही उभ्याच, खाली बसेनात.

"थँक यू, मिस ट्वेट," ब्रेंट म्हणाला. "सगळेच इतके समजूतदार असते तर! मंजूर." आणि हातोडी आपटली. "आता कुत्र्यांचे परवाने."

बाई हळूच खाली बसल्या. त्यांनी पर्स उघडली, आत बघितलं, परत बंद केली.

मित्रांनो, माझ्या पोटात तेव्हा आठ सिलिंडरचं इंजिन असतं ना, तर आठही एकदम फुटले असते. सहाच आहेत, आणि तेही थंड. मला किल्ली फिरवल्याशिवाय हूं की चूं करता येत नाही. पण त्या चाळीसजणांना काय झालं होतं? त्यांना कोण किल्ली मारणार होतं?

सभा संपल्यावर सगळे कॉफीच्या पिंपाशी.

"त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

"शिकागोत तसंच असतं."

"पण ऑर्विलचं कसं होणार?"

"कुणीतरी बोलायला पाहिजे होतं."

"हो ना. कुणीतरी."

आणि वड्या संपवून सगळे घरी. डेल्मर मागं राहिला, खुर्च्या घडी करायला. खुर्ची घडी करता करता पुटपुटला, "मी बोलणारच होतो." मला सांगत होता. मला! सव्वीस वर्षांत माझ्या पात्याला ग्रीस लावायला विसरला नाही तो माणूस, आणि एक वाक्य बोलायला विसरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फाटकात बाईंना सांगितलं, "बोर्डाला लेखी कळवा. हरकतीला अजून तीस दिवस आहेत."

"तू म्हणतोस तर लिहिते," बाई म्हणाल्या. मला बरं वाटलं. शाळामास्तरीण आहे, लिहिण्यात कशाला मागं हटेल?

आठवड्यानं ब्रेंट शेडमध्ये आला, हातात पक्ष्याचं चित्र असलेलं कार्ड. खूश होता. "बघ डेल्मर, मिस ट्वेटनी आभाराचं कार्ड पाठवलंय!" आणि त्यानं मोठ्यानं वाचलं. 'प्रिय ब्रेंट, तुम्ही सगळे फार मेहनत घेता. तुमच्या आईची संधिवाताची तक्रार कशी आहे? पूल राहिला तर बरं होईल, पण नाही जमलं तरी मुळीच वाईट वाटून घेऊ नका. परसातला रुबार्ब यंदा चांगला आलाय, येऊन घेऊन जा.'

"ती मधली ओळ परत वाच," डेल्मर म्हणाला.

"वाचली की. नाही जमलं तरी चालेल म्हणतायत."

"हं," डेल्मर म्हणाला.

"काय?"

"काही नाही. तू म्हणतोस तर असेल तसं."

अरे, सांग की त्याला! तोंडात मका भरलाय का तुझ्या? पण डेल्मरनं टोपी काढली, टोपीची कड चावली, परत घातली आणि माझं ऑइल तपासायला लागला. ऑइल व्यवस्थित होतं. सकाळीच तपासलं होतं.

मे महिन्यात हुकूम आला. पुलाच्या दोन्ही तोंडांवर मातीचे बांध घालायचे. कुणी घालायचे? मी. ज्या रस्त्याला चाळीसच्या वर वर्षं घासून पुसून ठेवलं, तो माझ्याच पात्यानं बुजवायचा. मातीचे दोन ट्रक आधीच ओतून गेले होते. डेल्मरनं मला ढिगापुढं उभं केलं, पातं खाली घेतलं आणि तसाच बसून राहिला. पलीकडं ऑर्विल चौकट धरून पायरीवर उभा होता. सपाट रान, त्यात ओढा, त्यामुळं इथं ओरडलेलं अर्धा मैल सहज ऐकू जातं.

फाटक वाजलं. बाई येत होत्या, एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात खजुराच्या वड्यांचं ताट. त्यांचाच रस्ता बंद करायला आलेल्या माणसासाठी वड्या!

"डेल्मर, खाली ये. थोडं खाऊन घे."

"नको बाई."

"अरे, एक तरी. ताज्या आहेत."

"नको, खरंच नको."

"तुझ्यासाठीच केल्यात रे."

"नको," डेल्मर म्हणाला.

तिसऱ्यांदा नको! माझं इंजिन एक ठोका चुकलं, शपथ. बाईंना वाटलं ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. "बरं नाही का तुला?"

डेल्मर खाली उतरला. टोपी हातात, चेहरा बीटासारखा लाल. "बाई, मी तुमचा रस्ता बुजवायला आलोय आणि तुम्ही मला वड्या भरवताय. माझ्या घशाखाली कशा उतरतील? पूल पाहिजे का नको, एवढं सांगा. मग खातो. ताटासकट खातो."

"आता ठरलंय ना सगळं. बोर्डाला उगाच..."

"बोर्ड गेलं चरात. तुम्हाला काय पाहिजे?"

"माझं काय, मी कसंही भागवीन."

"तिसरीत असताना तुम्ही मला फळ्यापुढं उभं केलं होतंत," डेल्मर म्हणाला. "म्हणाला होतात, पुटपुटतोस काय, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे. मी रडलो होतो. पण बोललो होतो की नाही?"

बाई पुलाकडं बघत राहिल्या. ताट त्यांनी माझ्या पुढच्या चाकावर ठेवलं. आणि मग ती ब्याऐंशी वर्षांची बाई अशी ओरडली की माझ्या केबिनची काच वाजली.

"मला पूल पाहिजे! पाहिजे म्हणजे पाहिजे! तो म्हातारा तिकडं उपाशी मरेल, आणि मला हायवेवर जाता येत नाही, आणि त्या ब्रेंटला दुसऱ्यांदा विचारायला काय धाड भरली होती?"

ओढ्यापलीकडनं ऑर्विलचा आवाज आला, "काय म्हणतेय ती?"

"पूल पाहिजे म्हणतायत!" डेल्मर ओरडला.

"मलापण पाहिजे! आणि तिला सांग, मीठ जरा बेतानं घालत जा!"

"अकरा वर्षं खातोयस, आज सांगतोस?" बाई ओरडल्या.

डेल्मरनं माझ्या केबिनमधला वायरलेस उचलला. "ब्रेंट, एल्म ओढ्यावर ये."

"का? काही मोडलं का?"

"मोडलं नाही, मोडायचं राहिलंय. ये लवकर."

ब्रेंट आला. बाईंनी त्याला सगळं परत ऐकवलं, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. जेवणाचं, लायसनचं, ऑर्विलच्या खुब्याचं. बिचारा टोपी काढून उभा.

"मग त्या दिवशी का नाही बोललात, मिस ट्वेट?"

"तू विचारलंस कुठं?"

"विचारलं की! सगळ्यांदेखत विचारलं!"

"एकदा!" बाई आणि डेल्मर एकदमच म्हणाले.

ब्रेंटनं मातीच्या ढिगाकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. "माझी आईपण अशीच करते," तो सावकाश म्हणाला. "ती बरी आहे म्हणते आणि मी फोन ठेवून देतो."

"ठेवत जाऊ नकोस," बाई म्हणाल्या.

पुढच्या सभेला पुलाचा विषय परत निघाला, परत माझ्यासमोरच, कारण बॉयलर काही दुरुस्त झाला नव्हता. आता ब्रेंट प्रत्येक गोष्ट तीनतीनदा विचारायला लागला. सभा चार तास चालली आणि कुत्र्यांच्या परवान्यांवर माणसं अशी काही बोलली की मला वाटलं, आधी होतं तेच बरं होतं. पण पूल राहिला. कुजलेले दोन खांब काढून नवे ठोकले. एकेरी वाट ठेवली. आणि दोन्ही टोकांना पाट्या लावल्या, तीन टनांपेक्षा जड वाहनांना बंदी.

बाईंची निळी गाडी दीड टन. मी चौदा टन.

मला कुणी विचारलं नाही, एकदाही नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणलो असतो ते मलाही माहीत नाही. आता मी पुलापर्यंतचा रस्ता सारखा करतो आणि पाटीपाशी वळतो. पलीकडचा अर्धा मैल करायला मला हायवेनं नऊ मैलांचा वळसा पडतो, वीसच्या वेगानं, मागं गाड्यांची रांग, आणि सगळे भोंगे वाजवतात. मी वळतो तेव्हा बाई झाकलेलं भांडं शेजारच्या सीटवर ठेवून पूल ओलांडत असतात. मी पलीकडं पोचेपर्यंत ऑर्विलचं जेवण होऊन भांडी धुतलेली असतात. डेल्मरला ते दोघं म्हणतात, "ये, कॉफी घे," आणि तो पहिल्या फटक्यात हो म्हणतो. अजून त्याचे कान लाल होतात, पण म्हणतो.

तर मित्रांनो, जुन्या यंत्रानं शेवटी काहीतरी मागायचं असतं, ते मी मागतो. तुमच्या गावातही कुठंतरी खडीचा रस्ता असेल. तो आपोआप सपाट होत नाही. आमच्यासारखं कुणीतरी पहाटे उठून, वळसे घालून, खडी मधोमध आणून ठेवतं. तुम्ही वेगानं गेलात की ती चरात उडते, आणि चरातली खडी परत वर आणताना माझ्या पात्याची धार जाते. तुमची गाडी हळू घ्या. मी काही आडून सुचवत नाहीये, नम्र विनंती वगैरेही करत नाहीये. हळू घ्या म्हणजे हळू घ्या.